जँगो मायग्रेशन : कालबाह्य कॉलम-प्रकारांची बदली

जँगो या पायथन भाषेतील मुक्तस्रोत वेब-चौकटीत, वापरातून काढलेल्या फील्ड-प्रकाराच्या जागी नवा प्रकार आणण्याची पद्धत. डेटाबेसच्या रचनेत होणारे बदल क्रमवार फायलींमध्ये नोंदवणारी मायग्रेशन-यंत्रणा जँगोच्या १.७ या आवृत्तीपासून (२०१४) चौकटीतच अंतर्भूत आहे. त्यापूर्वी हे काम ‘साउथ’ या स्वतंत्र साधनाने होत असे.

फील्डचा, म्हणजे टेबलातील एका कॉलमच्या व्याख्येचा, उल्लेख दोन ठिकाणी असतो : चालू मॉडेलमध्ये (टेबलाची रचना सांगणाऱ्या पायथन वर्गात) आणि जुन्या मायग्रेशन-फायलींमध्ये. मॉडेल बदलले तरी जुन्या फायली तशाच राहतात आणि नवा डेटाबेस उभारताना पहिल्यापासून पुन्हा चालवल्या जातात. त्यांनी वापरलेला फील्डचा वर्ग सरसकट काढला, तर ही साखळी मध्येच तुटते. म्हणून जँगोत फील्ड टप्प्याटप्प्याने निवृत्त होते. आधी त्याच्या वर्गावर इशाऱ्याची नोंद येते व तपासणीत पर्यायी प्रकार सुचवला जातो. पुढे इशाऱ्याची जागा त्रुटी घेते : चालू मॉडेलमध्ये ते फील्ड आढळल्यास तपासणी थांबते. वर्गाचा सांगाडा मात्र जुन्या मायग्रेशनपुरता राखला जातो.

‘नलबूलियनफील्ड’ हे याचे सरळ उदाहरण. होय, नाही आणि रिकामे अशा तीन स्थितींसाठी ते होते. २.१ आवृत्तीपासून (२०१८) साध्या ‘बूलियनफील्ड’लाच रिकामे मूल्य चालू लागल्याने त्याची गरज संपली. ३.१ मध्ये (२०२०) ते कालबाह्य ठरले आणि ४.० मध्ये (२०२१) काढले गेले. त्यानंतर ते मॉडेलमध्ये राहिल्यास ‘फील्ड्स.ई९०३’ ही त्रुटी येते. विकसक मॉडेलमध्ये ‘बूलियनफील्ड(नल=ट्रू)’ लिहून ‘मेकमायग्रेशन्स’ ही आज्ञा देतो व फील्ड-बदलाची नवी फाईल तयार होते. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसमध्ये दोन्हींचा कॉलम ‘बूलियन’च असल्याने साठवलेल्या माहितीला हात लागत नाही.

काही बदल्यांत कॉलमही बदलतो. १.७ मध्ये कालबाह्य ठरून १.९ मध्ये (२०१५) वगळलेल्या ‘आयपीअ‍ॅड्रेसफील्ड’मध्ये फक्त आयपीव्ही४ पत्ते बसत. त्याच्या जागी आलेले ‘जेनेरिकआयपीअ‍ॅड्रेसफील्ड’ आयपीव्ही६ पत्तेही घेते. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये दोन्हींसाठी ‘आयनेट’ हाच प्रकार आहे. मायएसक्यूएलमध्ये मात्र १५ अक्षरांचा कॉलम ३९ अक्षरांचा करावा लागतो.

सर्वांत नाजूक बदली ‘सीआयटेक्स्ट’ गटातील फील्डांची. अक्षरांच्या लहान-मोठ्या रूपांत भेद न करणारा हा गट पोस्टग्रेएसक्यूएलच्या ‘सीआयटेक्स्ट’ विस्तारावर आधारलेला होता. ४.२ मध्ये (२०२३) तो कालबाह्य ठरला व ५.१ मध्ये (२०२४) काढला गेला. पर्याय म्हणून मायग्रेशनमधूनच तसा भेद न करणारे कोलेशन (मजकुराच्या तुलनेचे नियम) निर्माण करायचे आणि ते साध्या ‘कॅरफील्ड’ला किंवा ‘टेक्स्टफील्ड’ला जोडायचे असते. यात कॉलमचा प्रकार आणि तुलनेचे नियम दोन्ही बदलतात व त्यावरील इंडेक्स नव्याने बांधावे लागतात. असे कोलेशन ‘अनिश्चित’ प्रकारचे असते. पोस्टग्रेएसक्यूएलच्या १७ व्या आवृत्तीपर्यंत त्यावर ‘लाइक’ने नमुना-शोध चालत नाही. त्यामुळे ई-मेलचा पूर्ण पत्ता जुळवणे जमते, पण पत्त्याचा एखादा तुकडा शोधणारी क्वेरी अडते. म्हणून मायग्रेशनसोबत क्वेरीही तपासाव्या लागतात.

पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये कॉलमचा प्रकार बदलताना टेबलावर पूर्ण लॉक लागतो आणि तेवढा वेळ त्यातील वाचन-लेखन थांबते. मोठ्या टेबलांसाठी ‘एसक्यूएलमायग्रेट’ या आज्ञेने प्रत्यक्ष चालणाऱ्या आज्ञा आधी पाहून, प्रत्यक्षासारख्या माहितीवर चाचणी घेणे आणि वर्दळ कमी असताना बदल करणे इष्ट ठरते.

जुन्या फायली ‘स्क्वॉशमायग्रेशन्स’ने एकत्र करता येतात. एकत्रित फाईल सर्व ठिकाणी लागू झाली आणि मूळ फायली हटवल्या, की जुन्या वर्गाचे संदर्भ मिटू शकतात. प्रकल्पाने स्वतः तयार केलेल्या फील्डच्या बाबतीत, कोणत्याही मायग्रेशनमध्ये संदर्भ उरला नाही, म्हणजे राखलेला सांगाडाही काढता येतो.