'बॅफल्ड' लिहिलं आणि लेख गेला

आजचा एपिसोड माझ्याच एका फजितीवरून सुचलाय.

झालं असं, की काही वर्षांपूर्वी मी एका ठिकाणी लेख पाठवला होता. संपादकांनी त्यातले दोन परिच्छेद काढायला सांगितले. का, ते मला कळेना. उत्तर इंग्रजीत लिहायचं होतं. 'कन्फ्यूज्ड' फारच शाळकरी वाटलं, म्हणून डिक्शनरी ॲपमध्ये समानार्थी शब्द शोधले आणि ऐटीत लिहिलं, की तुमच्या निर्णयाने मी 'बॅफल्ड' झालोय. मला म्हणायचं होतं, 'जरा समजावून सांगाल का?' त्यांनी वाचलं, 'हा काय निर्णय झाला?' एका ओळीचं कोरडं उत्तर आलं. लेख काही छापून आला नाही.

ॲपने सगळे शब्द एका रांगेत उभे केले होते, जणू जुळी भावंडंच. नंतर त्यांचा इतिहास वाचायला लागलो आणि कपाळाला हात लावला.

'बॅफल'पासूनच सुरुवात करू. १६व्या शतकात हा शब्द डोक्यातल्या गोंधळासाठी नव्हताच. एखाद्याची जाहीर बेअब्रू करणं, हा त्याचा अर्थ. १५४८ साली छापलेल्या एडवर्ड हॉलच्या बखरीत ही स्कॉटलंडमधली रीत म्हणून येते. शपथ मोडणाऱ्या माणसाचं चित्र काढायचं, पाय वर, डोकं खाली, सोबत त्याचं नाव. स्पेन्सरच्या 'द फेअरी क्वीन' या काव्यात, १५९६ साली आलेल्या भागात, तर चित्राबित्राची भानगडच नाही. एका कपटी सरदारालाच झाडाला उलटं टांगलंय, आणि तिथेही शब्द हाच.

मग १७व्या शतकात अर्थ सरकत गेला. बेअब्रूवरून तो मती गुंग करणं, एखाद्याचा बेत हाणून पाडणं, अडवणं इथवर आला. त्यातला 'अडवणं' हा अर्थ अजून जिवंत आहे बरं का. मोठ्या स्पीकरमध्ये ज्या फळीवर शंकू बसवतात, तिलाही बॅफल म्हणतात. शंकूच्या मागून निघणारा आवाज पुढच्या आवाजात मिसळू नये म्हणून ती मध्ये उभी असते.

आणि मिसळणं म्हणजेच 'कन्फ्यूज'! त्याचं मूळ असलेल्या लॅटिन क्रियापदाचा अर्थ एकत्र ओतणं. दोन पातेल्यांतलं एकाच भांड्यात ओतलं, आता वेगळं करा बघू. 'कन्फाउंड' त्याचाच सख्खा भाऊ, पण स्वभावाने तापट. जुन्या इंग्रजीत त्यात धूळधाण करण्याचाही अर्थ होता. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये बाबेलच्या बुरुजाची गोष्ट आहे, त्यात देव माणसांची भाषा 'कन्फाउंड' करतो. तिथे नुसती घोळाघोळ नाही, सगळं बांधकामच बंद पडतं.

माझा लाडका शब्द मात्र 'बिविल्डर'. तो १७व्या शतकातला. त्याच्या पोटात 'वाइल्ड' लपलंय, म्हणजे रान. वाट चुकवून रानात नेऊन सोडायचं. कोकणातल्या कुठल्याही आजीला विचारा, ती लगेच म्हणेल, 'अगं बाई, हा तर चकवा!' परक्या शहरात, अनोळखी गर्दीत जे होतं ते हे. 'परप्लेक्स' त्यापेक्षा वेगळा. त्याचं मूळ गुंफण्याशी, पीळ घालण्याशी जोडलेलं आहे. इथे वाट हरवलेली नसते, धागे एकमेकांत अडकलेले असतात.

राहिला 'पझल'. तो १६व्या शतकाच्या शेवटी इंग्रजीत दिसायला लागतो, पण आला कुठून ते भाषातज्ज्ञांनाही सापडलेलं नाही. गोंधळाचा शब्द आणि स्वतःचाच पत्ता नाही! १७६०च्या दशकात लंडनमध्ये जॉन स्पिल्सबरीने मुलांना भूगोल शिकवायला लाकडावर नकाशे चिकटवून त्यांचे तुकडे कापले. आज आपण ज्याला जिगसॉ पझल म्हणतो ते हेच, पण तेव्हा त्याचं नाव 'कापलेले नकाशे' अशा अर्थाचं होतं. 'पझल' हे नाव नंतर चिकटलं.

आता त्या संपादकांना काही उलटे टांगलेले सरदार आठवले नसणार. पण 'तुमच्या निर्णयाने बॅफल्ड' यात आजही 'माझी मती इथे हरली, आणि कारण तुम्ही' असा सूर ऐकू येतो. 'पझल्ड' म्हटलं असतं, तर मी अजून तुकडे जुळवतोय, एवढंच पोचलं असतं. ते दोन परिच्छेद का काढायचे होते, हे मला अजूनही माहीत नाही.