हळदीचा लेप आणि लेखी पुरावा

जखमेवर हळद दाबण्याचा उपचार भारतीय घरांत पिढ्यान् पिढ्या तोंडी चालत आला. घरच्या स्त्रियांस त्यासाठी ग्रंथाची गरज भासली नाही. १९९५ मध्ये मात्र मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास याच उपयोगाचे अमेरिकी पेटंट मिळाले. तत्कालीन अमेरिकी कायद्यात परदेशातील रूढ वापर पुरावा म्हणून ग्राह्य नव्हता. मुद्रित आधारच लागे. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने ३२ लेखी आधार सादर केले. त्यांत १९५३ सालचा एक वैद्यकीय निबंधही होता. १९९७ मध्ये पेटंट रद्द ठरले. परंतु हा जय ग्रंथांचा होता. आजीबाईच्या बटव्याची साक्ष ग्राह्य धरली गेलीच नाही. गृहवैद्यकाच्या इतिहासकाराने लेखनाचा अभाव हा ज्ञानाचा अभाव मानू नये, हाच या प्रकरणाचा बोध होय.