पत्त्याची मुदत

गडचिरोली जिल्ह्यात भामरागड, एटापल्ली, सिरोंचाकडच्या सेवा केंद्रांत काम अडलं की काउंटरवरून ठरलेलं उत्तर मिळतं : लिंक नाही. पर्लकोटा नदीला पूर आलेला असो, रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटलेली असो की वीज गेलेली असो. संगणकाने आपला आयपी पत्ता गमावला असेल, तरी उत्तर तेच. हे शेवटचं कारण फारसं कुणी तपासत नाही, पण संगणकावर लिनक्स असेल तर लॉगमध्ये ते चक्क लिहिलेलं असतं. थोड्या थोड्या वेळाने डीएचसीपीची, म्हणजे पत्ता मागण्याची, विनंती, मग होकार, मग पुन्हा विनंती. आणि मध्येच पत्ता गेल्याची ओळ, त्याबरोबर अर्धा भरलेला फॉर्मही. पत्ता कायमचा न देता मुदतीने देण्याची ही पद्धत आली कुठून, हे कळलं की त्या ओळी वाचता येतात.

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपुरातून वेगळा झाला. त्याला दोन वर्षंही झाली नव्हती, तेव्हा स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या चौघांनी आरएआरपी नावाची पद्धत मांडली. त्या काळी डिस्क नसलेले संगणक असत. ते चालू झाले की त्यांना स्वतःचा पत्ताच ठाऊक नसे. माहीत असे तो फक्त नेटवर्क कार्डाचा हार्डवेअर क्रमांक. तो सांगून पत्ता विचारायचा, इतकंच आरएआरपीचं काम. पण हा प्रश्न राऊटरच्या पलीकडे जात नसे. सप्टेंबर १९८५ मध्ये बिल क्रॉफ्ट आणि जॉन गिलमोर यांनी बूटपी आणला आणि मधल्या यंत्राकरवी निरोप पुढच्या नेटवर्कात पोचवायची सोय केली.

बूटपीची अडचण वेगळीच होती. कोणत्या कार्डाला कोणता पत्ता, याचा तक्ता माणसाने हाताने लिहायचा. संगणक टेबलावरून हलत नव्हते तोवर हे चाललं. लॅपटॉप आले, विद्यार्थी खोली बदलू लागले, आणि निघून गेलेल्या यंत्रांच्या नावावर पत्ते अडकून पडू लागले. निघताना कोणतंही यंत्र ‘जातो’ म्हणून सांगत नाही, ही खरी मेख. आमच्याकडे तेंदूपानं तोडायचं युनिट, म्हणजे जंगलाचा ठरावीक भाग, हंगामापुरतं ठेकेदाराकडे जातं, हंगाम संपला की त्याचा हक्क आपोआप संपतो, ते परत करायला कुणी यावं लागत नाही. अमेरिकेतल्या बकनेल विद्यापीठाच्या राल्फ ड्रॉम्स यांनी ऑक्टोबर १९९३ मध्ये लिहिलेल्या डीएचसीपीत पत्त्याचंही तसंच ठरलं. मार्च १९९७ मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती आली; आयपीव्ही४ चा कारभार आजही मुख्यतः तिच्यावरच चालतो. जुनं घर मात्र मोडलं नाही. पोर्ट बूटपीचेच, ६७ आणि ६८. आणि बूटपीच्या काळातले ९९, १३०, ८३, ९९ हे खुणेचे चार आकडे डीएचसीपीच्या प्रत्येक निरोपात आजही असतात.

मला या रचनेतलं सगळ्यात शहाणपणाचं वाटतं ते नूतनीकरणाचं वेळापत्रक. मुदत संपायची वाट पाहायचीच नाही. निम्मी मुदत सरली की पत्ता देणाऱ्या सर्व्हरला थेट विचारायचं. उत्तर नाही आलं तर विचारत राहायचं. साडेसत्याऐंशी टक्के मुदत उलटली की नेटवर्कातल्या सगळ्यांना विचारायचं. एक तासाची मुदत असेल तर या वेळा होतात ३० मिनिटं आणि ५२ मिनिटं ३० सेकंद. म्हणून लॉग वाचताना घड्याळाकडे बघावं. दर अर्ध्या तासाने होकार दिसत असेल तर काहीही बिघडलेलं नाही, कितीही ओळी दिसोत. होकार नेहमी बावन्न मिनिटांनंतरच येत असेल तर थेट वाट कुठेतरी अडली आहे. बहुधा मधल्या फायरवॉलमुळे. बरोबर साठाव्या मिनिटाला नेट जात असेल तर नूतनीकरण होतच नाही. आणि दर मिनिटाला विनंती दिसली तर राऊटरमध्ये कुणीतरी मुदत दोन मिनिटांची लावून ठेवली आहे. बऱ्याच राऊटरमध्ये चालणारा डीएनएसमास्क हा प्रोग्रॅम त्याहून कमी मुदत घेतच नाही.

आमच्याकडचं दुखणं पुष्कळदा विजेचं. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट, पण पावसाळ्यात जंगलातल्या तारेवर फांदी पडली की पुढची गावं अंधारात. वीज येते-जाते, तसा राऊटरही. अनेक राऊटर दिलेल्या पत्त्यांची यादी तात्पुरत्या मेमरीत ठेवतात, त्यामुळे वीज गेली की यादी कोरी. बॅटरीवर चालू राहिलेला लॅपटॉप जुनाच पत्ता धरून असतो आणि राऊटर तोच पत्ता नव्याने आलेल्या मोबाइलला देऊ शकतो. देण्याआधी पिंग करून खात्री करावी असा संकेत आहे, पण लॅपटॉपच्या फायरवॉलने पिंगला उत्तरच दिलं नाही तर?

लिनक्सच्या स्वतःच्याही खोडी आहेत. नेटवर्कमॅनेजर आणि डीएचसीपीसीडी हे पत्ता मागणारे दोन्ही प्रोग्रॅम एकाच कार्डावर चालू राहिले तर एकाने लावलेलं दुसरा उसवतो. एक बंद करावा. एका डिस्कची नक्कल करून प्रयोगशाळेतले सगळे संगणक तयार केले, तर मशीन-आयडीची फाइलही नकलेत जाते. सिस्टमडी-नेटवर्कडी हा तसाच प्रोग्रॅम सर्व्हरला आपली ओळख त्यावरूनच सांगतो, मग सर्व्हरला दहा संगणक एकच भासतात आणि सगळ्यांच्या वाट्याला एकच पत्ता येतो. फाइल रिकामी करून संगणक पुन्हा चालू केला की नवी ओळख तयार होते. वायफाय मधूनच तुटत असेल तर मात्र आधी कार्डाची वीजबचत बंद करून पाहावी. तिथे डीएचसीपीवर उगाच आळ येतो.

काउंटरच्या संगणकापुरता सोपा उपाय म्हणजे राऊटरच्या सेटिंगमध्ये त्याच्या कार्डाचा क्रमांक लिहून पत्ता राखून ठेवणं. हा बूटपीचाच हाताने लिहायचा तक्ता, फक्त एका ओळीचा. तो कायमच्या मेमरीत राहतो, त्यामुळे वीज गेली तरी पुसला जात नाही; मुदत नेहमीसारखी चालू राहते, पण दर वेळी तोच पत्ता मिळतो.