शेजारच्या गावची घरपट्टी



वसंताच्या दिवसांत घरपट्टीवर बोलावयाचे म्हणजे आमराईत बसून तलाठ्याचे दप्तर उघडण्यासारखे आहे, असे कोणी म्हणेल. परंतु पट्टीची बिले आणि व्याख्यानमाला यांचा मोसम आपल्याकडे एकच आहे, आणि या मोसमात ओट्याओट्यावर एक वाक्य हमखास ऐकू येते. “नदीपलीकडे घर आमच्याएवढेच, पण पट्टी पाहा किती कमी!” पुण्याच्या वायव्येला बोपोडी आणि दापोडी यांच्यामध्ये फक्त मुळा नदी आहे. अलीकडे पुणे महानगरपालिका, पलीकडे पिंपरी-चिंचवड महानगरपालिका, आणि बोपोडीला लागूनच खडकीचे कँटोन्मेंट. सकाळच्या फेरफटक्यात माणूस तीन निरनिराळ्या करांच्या राज्यांतून फिरून येतो. तेव्हा ही तुलना स्वाभाविक आहे. ती न्याय्य केव्हा होते आणि फसवी केव्हा होते, हे घरपट्टीच्या इतिहासाच्या आधारे पाहावे, एवढाच आजच्या व्याख्यानाचा हेतू आहे.

घरपट्टी हा शब्द इंग्रजांनी आणलेला नाही. पेशवाईत घरपट्टी होती, आणि कारागीर व दुकानदार यांच्यावर मोहतर्फा होता. हे कर सरकारचे होते आणि सरकारच्या तिजोरीत जात. कंपनी सरकारने १८४४ सालच्या १९ व्या कायद्याने मुंबई इलाख्यातील शहरजकाती, मोहतर्फा आणि धंद्यांवरील असेच इतर कर रद्द केले. लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल. पण पुढे सहाच वर्षांनी, १८५० साली, २६ वा कायदा आला. गावच्या रहिवाशांनी मागणी केली तर तेथे म्युनिसिपालिटी स्थापन करावी आणि रस्ते, सफाई, दिवाबत्ती यांसाठी तिने कर बसवावा, अशी त्यात सोय होती. पुण्याची म्युनिसिपालिटी १८५७ साली या कायद्याखाली सुरू झाली. सरकारने एका हाताने सोडलेला कर गावाने स्वतःच्या हाताने पुन्हा उचलला. मात्र भेद मूलभूत होता. जुना कर राज्याचा होता; हा कर गावाचा, गावासाठी आणि निदान तत्त्वतः गावाच्या संमतीने बसावयाचा होता.

गावाने खर्चासाठी कोणता कर निवडावा? घरपट्टी हा प्रत्यक्ष कर. तिचे बिल घरी येते, घरमालकाच्या हातात पडते आणि त्याच्या डोळ्यांत खुपते. जकात हा अप्रत्यक्ष कर. तो नाक्यावर व्यापारी भरतो आणि गिऱ्हाईक तुपाच्या, धान्याच्या, कापडाच्या भावात नकळत देतो. नगरपालिकांत बसणारी मंडळी बहुधा घरमालक आणि प्रतिष्ठित नागरिक असत. त्यांना जकात सोयीची वाटली यात नवल नाही. मुंबई इलाख्यातील नगरपालिका पिढ्यान्पिढ्या जकातीवर जगल्या आणि घरपट्टी हलकी ठेवणे हे लोकप्रियतेचे साधन झाले. म्हणजे हलक्या घरपट्टीचे गाव हे हलक्या कराचे गाव असतेच असे नाही. तेथला कर कदाचित नाक्यावर घेतला जात असेल, आणि तो घर नसलेल्या हमालाच्या भाकरीतूनही जात असेल.

१८८२ साली लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा ठराव झाला आणि १८८४ साली मुंबई इलाख्यात नवा नगरपालिका कायदा आला. त्याच १८८४ साली पुण्याची उपनगर नगरपालिका निराळी स्थापन झाली. शहर नगरपालिका, उपनगर नगरपालिका, पुणे कँटोन्मेंट आणि खडकी कँटोन्मेंट अशा चार संस्था एकमेकींच्या कुंपणाला कुंपण लावून उभ्या राहिल्या. कँटोन्मेंट तर लष्करी कायद्याच्या छत्राखाली. तेथली कररचना प्रांताच्या नगरपालिका कायद्याने ठरत नसे. शहर आणि उपनगर या दोन नगरपालिका १५ फेब्रुवारी १९५० रोजी एकत्र येऊन पुणे महानगरपालिका झाली. कँटोन्मेंटे मात्र निराळीच राहिली. शेजारच्या पट्टीशी आपली पट्टी ताडून पाहण्याची पुणेकरांची सवय अशी जुनी आहे, आणि तिला सबळ कारणही आहे.

आता पट्टी ठरते कशी ते पाहू. मुंबई शहराच्या १८८८ च्या म्युनिसिपल कायद्याने जो मार्ग आखला, तोच पुढे थोड्याफार फरकाने इतरत्र आला. घर भाड्याने दिले तर वर्षाला किती भाडे रास्तपणे येईल ते ठरवावयाचे. दुरुस्ती वगैरेंसाठी त्यातून दहा टक्के वजा करावयाचे. उरते ते करयोग्य मूल्य. त्या मूल्यावर शेकडा अमुक दराने कर. येथेच तुलनेची पहिली फसगत होते. समजा, एका गावात कराचा दर शेकडा ४० आहे आणि शेजारच्या गावात शेकडा २०. दुसरे गाव स्वस्त, असे आपण म्हणून मोकळे होतो. परंतु पहिल्या गावाने घराचे वार्षिक भाडे ६०० रुपये धरले असेल, तर करयोग्य मूल्य ५४० आणि कर २१६ रुपये होतो. दुसऱ्याने तशाच घराचे भाडे १५०० धरले असेल, तर करयोग्य मूल्य १३५० आणि कर २७० रुपये. दर निम्मा असून बिल जास्त! तेव्हा नुसता दर विचारू नये. मूल्य कोणत्या साली आणि कोणत्या मापाने ठरले, तेही विचारावे.

हे माप एका कायद्याने फार विचित्र करून टाकले. महायुद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूंना संरक्षण देण्यासाठी १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा झाला. त्याने बहुतेक जुन्या घरांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकली. हेतू दयेचा होता आणि त्या काळी आवश्यकही होता. पण रास्त भाडे म्हणजे कायद्याने मिळू शकणारे भाडे, असे न्यायालयांनी म्हटल्यावर घरपट्टीही त्याच खुंटीला बांधली गेली. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली कलकत्त्याच्या प्रकरणात, १९७० साली गुंटूरच्या आणि १९७९ साली दिल्लीच्या दिवाण दौलतराय कपूर यांच्या प्रकरणात हे तत्त्व दृढ केले. भाडे प्रत्यक्षात ठरवून घेतलेले नसले, किंवा घरात मालक स्वतः राहत असला, तरी प्रमाणभूत भाड्यापलीकडे मूल्य नेता येत नाही, असे ठरले.

परिणाम काय झाला? पेठेतल्या जुन्या वाड्याचे मूल्य १९४० च्या भाड्याला चिकटून राहिले, आणि शहराच्या कडेला नव्याने बांधलेल्या दोन खोल्यांचे मूल्य बांधणीच्या वेळच्या भाड्याने ठरले. नगरपालिकेचा खर्च वाढला, तशी तिने दराची टक्केवारी वाढविली. ती जुन्या वाड्याला जाणवली नाही, नव्या घराला झोंबली. आपण नदीपलीकडच्या पट्टीकडे बोट दाखवितो. पण त्याहून मोठी तफावत पुष्कळदा एकाच गावात, एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना असते. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयानेच मालपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात ही गोठलेली भाडी आता अवाजवी झाली असल्याचे सांगितले. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने दरसाल चार टक्के वाढीची मुभा दिली. मुंबईने तर २०१० पासून भाड्याचा पाया सोडून भांडवली मूल्याचा पाया घेतला. आता एका शहराचे बिल भाड्यावर आणि दुसऱ्याचे बाजारभावावर. अशा बिलांची तुलना म्हणजे शेराने मोजलेले धान्य आणि वाराने मोजलेले कापड यांची तुलना होय.

सवलतींचेही तसेच आहे. मालक स्वतः राहत असेल तर पुणे महानगरपालिका १९७० पासून चाळीस टक्के सवलत देत आली. मध्यंतरी शासनाने ती काढून घेतली, तेव्हा बिले एकदम फुगली आणि गदारोळ झाला. २०२३ साली ती पुन्हा देण्याचा निर्णय झाला. घर तेच, दर तोच, तरी एका ओळीच्या आदेशाने बिल वर-खाली होते.

आता नदीपलीकडे जाऊ. पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला. पुढे औद्योगिक वसाहत आली, मोटारींचे व स्कूटरचे मोठे कारखाने आले. १९७० साली तेथे नगरपालिका झाली आणि १९८२ साली महानगरपालिका. कारखान्यांत येणाऱ्या कच्च्या मालावरील जकात हा तिचा मोठा आधार होता. ज्या गावाच्या अंगणात असे कारखाने आहेत त्याला रहिवाशांकडे फार मागावे लागत नाही. ज्या गावात कचेऱ्या, शाळा आणि पेन्शनर आहेत त्याला मागावे लागते. यात कोणा अधिकाऱ्याची हुशारी किंवा नालायकी शोधण्याचे कारण नाही.

परंतु हा आधारही गेला. महाराष्ट्रातील नगरपालिकांची जकात १९९९ साली बंद झाली. पुणे व पिंपरी-चिंचवड येथे १ एप्रिल २०१३ पासून जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर आला. १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांना तोही माफ झाला, आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर सुरू होताच मुंबईची जकातही इतिहासजमा झाली. नगरपालिकांना शासनाकडून भरपाई मिळते. पण दुसऱ्याच्या हातून मिळणारा पैसा आणि स्वतः बसविलेला कर यांत फरक आहे. ज्याला आपला म्हणता येईल असा गावाचा मुख्य कर आता घरपट्टीच उरला आहे. म्हणून तिच्याविषयीचा वाद यापुढे वाढणार, कमी होणार नाही.

त्या वादाचे ताजे आणि बोधप्रद उदाहरण पुण्याच्या पूर्वेला घडले. उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही गावे इतर नऊ गावांबरोबर ऑक्टोबर २०१७ मध्ये पुणे महानगरपालिकेत आली. ग्रामपंचायतीचे बिल आणि महापालिकेचे बिल लोकांनी शेजारी ठेवून पाहिले. अशा गावांत कर टप्प्याटप्प्याने वाढविण्याची सोय कायद्यात आहे; तरीही पाणी, रस्ते आणि गटारे येण्याआधी पट्टी आली, ही तक्रार उठली. वाढीव कर हे एक मुख्य कारण सांगून ही दोन्ही गावे पालिकेतून वगळण्याची मागणी झाली, ती शासनाने मान्य केली, आणि २०२४ साली त्यांची स्वतंत्र नगरपरिषद स्थापन झाली. पट्टीची तुलना करता करता गावाची हद्दच बदलली!

या गोष्टीला दुसरी बाजू आहे आणि ती आपण पुणेकरांनी विसरू नये. महापालिकेत येण्यापूर्वी कित्येक वर्षे पुण्याचा कचरा याच दोन गावांच्या शिवारात नेऊन टाकला जात होता. तेथल्या विहिरींचे पाणी बिघडल्याच्या तक्रारी झाल्या, कचऱ्याच्या गाड्या अडविल्या गेल्या, आंदोलने झाली. आपल्या बिलात सफाईचा रकाना होता, त्यापुढे आकडा होता आणि तो आपण भरलाही. परंतु त्या सफाईची खरी किंमत त्या आकड्यात मावत नव्हती. उरलेला हिस्सा शेजारच्या गावाने आपल्या पाण्याने आणि आपल्या हवेने भरला. त्याची पावती कोणी दिली नाही. आणि उलटही खरे आहे. वेगळे झालेल्या गावाची पट्टी हलकी राहिली, तरी पाण्याची नळयोजना आणि गटार हलके होत नाहीत. तो खर्च कोणीतरी करावयाचाच असतो.

तेव्हा शेजारच्या गावची पट्टी कमी आहे असे कोणी सांगितले, तर त्याला चार प्रश्न विचारावेत. घराचे मूल्य कोणत्या मापाने आणि कोणत्या साली ठरले? गावाला घरांशिवाय दुसरे कोणते उत्पन्न आहे? त्या पट्टीत पाणी, सफाई, दिवे यांपैकी काय मिळते? आणि त्या गावाच्या सोयीचा भार दुसऱ्या कोणत्या गावावर पडतो? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे अंदाजपत्रकात आणि आकारणीच्या यादीत सापडतात. ती यादी पाहण्याचा आणि तिच्यावर हरकत घेण्याचा हक्क कायद्याने करदात्याला दिलेला आहे. तो वापरणारे थोडे आणि नंतर कुरकुरणारे फार, ही आपली जुनी खोड आहे. चौथ्या प्रश्नाचे उत्तर मात्र कोणत्याही कचेरीत मिळत नाही. त्यासाठी गावाच्या वेशीपर्यंत चालत जावे लागते आणि वेशीपलीकडे काय टाकले आहे ते डोळ्यांनी पाहावे लागते.