व्हीटन महाविद्यालय

अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील, शिकागोच्या पश्चिमेस असलेले इव्हँजेलिकल प्रॉटेस्टंट महाविद्यालय. स्थापना १८६०. पहिले अध्यक्ष जोनाथन ब्लँचर्ड हे गुलामगिरीचे कट्टर विरोधक. म्हणजे आरंभी तरी ही संस्था धर्मश्रद्धेपायीच समाजाच्या पुढे होती. अध्यापकांना संस्थेचे श्रद्धापत्रक दरवर्षी नव्याने मान्य करावे लागते. विद्यार्थ्यांवरील नृत्यबंदी २००३ मध्ये उठली. विवाह स्त्री-पुरुषांतच होतो, ही आचारसंहितेतील भूमिका मात्र कायम राहिली. रूढी सोडावी, सिद्धांत राखावा, असे हे धोरण दिसते. पण रूढी कोणती आणि सिद्धांत कोणता, हे ठरवतानाच खरे खटके उडतात. कर्मचारी व विद्यार्थ्यांच्या आरोग्यविम्यात काही गर्भनिरोधकांचा समावेश करण्याच्या सरकारी नियमाला संस्थेने आव्हान दिले. त्यात २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला अंतरिम दिलासा दिला.