पाच रुपयांच्या करारावर गेलेली माणसे

मैत्रिणींनो, मागच्या लेखानंतर काहीजणींनी विचारले की आपली मुले परदेशी जातात, तिथे आपले काय टिकते आणि काय जाते, यावर लिहा. त्यासाठी अमेरिका-लंडनकडे पाहण्याआधी मला मॉरिशसकडे पाहावेसे वाटते. तिथे आपली मराठी माणसे जाऊन दीडशे वर्षे उलटून गेली, त्यामुळे काय टिकले याचा हिशेब नीट मांडता येतो. मी वाणिज्य शाखेची, त्यामुळे हिशेबापासूनच सुरुवात करते.

आपल्या पन्हाळ्यावर गडकऱ्यांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला १८४४ साली. त्याच्या दहा वर्षे आधी, २ नोव्हेंबर १८३४ रोजी, 'अ‍ॅटलास' नावाचे जहाज कलकत्त्याहून मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात लागले. त्यात उसाच्या मळ्यावर राबायला करार करून आणलेले मजूर होते. १ फेब्रुवारी १८३५ पासून बेटावरची गुलामगिरी कायद्याने संपणार होती आणि साखर तर काढायचीच होती. म्हणून ही सोय. पुढे कलकत्ता, मद्रास आणि मुंबई अशा तीन बंदरांतून सुमारे साडेचार लाख माणसे गेली. मुंबईहून गेलेली सर्वांत कमी. त्यांत कोकणातले लोक होते, तसेच घाटावरचे सातारा-कोल्हापूर भागातलेही.

पगार पुरुषाला महिना पाच रुपये, वर तांदूळ, डाळ, मीठ असा शिधा. करार पाच वर्षांचा. ऐकायला बरे वाटते, पण एक कलम असे होते की वाचूनच राग येतो. मजूर एक दिवस कामावर आला नाही तर दोन दिवसांची मजुरी कापायची. म्हणजे पाच दिवस तापात गेले की दहा दिवसांचा पगार गेला. आणि ताप तर होताच. १८६७ च्या सुमारास हिवतापाची साथ आली, त्यात बेटावर हजारो माणसे दगावली. ज्याने हे कलम लिहिले त्याला आजारी माणसाकडून नफा कसा काढायचा हे चांगले कळत होते. पुढे फुकट परतीचा प्रवासही बंद झाला, मग राहण्यावाचून इलाज नव्हता.

आपण अष्टाह्निकेत बस्तीत सिद्धचक्र विधान करतो तेव्हा श्रीपाल-मैनासुंदरीची कथा ऐकतो. धवलशेठ लोभापायी श्रीपालाला समुद्रात ढकलतो आणि पुण्यवान श्रीपाल पोहून बेटाला लागतो, तिथे त्याला मानही मिळतो. या मजुरांची गोष्ट निराळी. त्यांना बेटावर पुरते उतरवलेच ढकलून, आणि मान मिळायला तीन-चार पिढ्या गेल्या.

तरी बेट बदलले ते याच माणसांनी. आज तिथली दोन तृतीयांश लोकसंख्या भारतीय वंशाची आहे. बेटाच्या चलनाला रुपया म्हणतात. मजुरांबरोबर आणि व्यापाऱ्यांबरोबर आलेला आपला रुपया तिथे इतका रुळला की १८७७ पासून तोच सरकारी झाला. नोटेवर इंग्रजीबरोबर तमिळ आणि हिंदी अक्षरे असतात. १९९८ साली हिंदी आधी आणि तमिळ नंतर छापले, तर तमिळ लोक इतके चिडले की सरकारला त्या नोटा परत घ्याव्या लागल्या. माझ्या मते नोटेवरच्या ओळीसाठी भांडता येणे हेही घर झाल्याचेच लक्षण.

स्वयंपाकघरात तर विचारू नका. 'ढोल पुरी' हे तिथले रस्त्यावरचे सर्वांत आवडते खाणे. डाळ भरलेली मऊ पोळी, आपल्या पुरणपोळीची तिखटामिठाची बहीण म्हणा ना. ती बिहारकडच्या लोकांची दालपुरी, पण आज चिनी, ख्रिस्ती, मुसलमान सगळेच रांगेत उभे राहून खातात. शेवग्याच्या पाल्याला ते 'ब्रेद मुरुम' म्हणतात. ब्रेद म्हणजे पालेभाजी आणि मुरुम हा तमिळ मुरुंगैचाच अवतार. आपल्याला कौतुक वाटावे अशी एक गोष्ट सांगते. सणाआधी काही दिवस मांसमच्छी सोडून शाकाहारी राहण्याला तिथले हिंदू 'कारेम' म्हणतात. मुळात तो ख्रिस्ती लोकांच्या उपवासाचा फ्रेंच शब्द. शब्द परका झाला, पण व्रत चालू राहिले.

लग्नाआधी भोजपुरी घरांत 'गीत-गवई' असते. पाच सुवासिनी एका कापडावर हळद, तांदूळ, दूर्वा, पैसे मांडतात आणि बाकीच्या बायका गातात. अगदी आपल्या हळदीची आठवण यावी. २०१६ साली युनेस्कोने ही परंपरा मानवतेच्या वारशात घेतली. हे कुठल्या शाळेत शिकवले नव्हते. आईने मुलीला आणि सासूने सुनेला दिले.

मराठी माणसे थोडी, पण त्यांनीही आपली जागा राखली. १८९६ साली हेन्रिएटा गावात एका मराठी कुटुंबाने गणपती बसवला आणि आज गणेश चतुर्थीला साऱ्या देशाला सुट्टी असते. कोकणातले जाखडी नृत्य तिथे 'झाकरी' या नावाने आजही नाचतात. भाषा मात्र निसटली. घरात क्रिओल बोलतात, मराठी मुले शाळेत विषय म्हणून शिकतात. 'संस्कार रक्तातच असतात' असे आपण सहज म्हणतो, ते मला या बाबतीत पटत नाही. साखरेचे भाव पडल्यावर मळेवाल्यांनी जमिनीचे तुकडे विकायला काढले, ते या लोकांनी साठवलेल्या पैशांतून घेतले. मग गावे वसली, देवळे झाली, मुलांना शिकवायला 'बैठका' उघडल्या. मंडळे काढली, वर्गण्या गोळा केल्या, शिक्षक नेमून घेतले. जिथे कुणी पदरमोड केली तिथे टिकले.

बंदरावरचा तो धक्का, 'आप्रवासी घाट', २००६ पासून जागतिक वारसा आहे. सोळा दगडी पायऱ्या चढून माणसे आत जात आणि त्यांची नोंद होई. त्या वह्या मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवल्या आहेत; १८६० च्या दशकापासून छायाचित्रेही आहेत. प्रत्येकाला एक क्रमांक, त्यापुढे नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, जिल्हा, गाव. आडनाव विचारायची पद्धत कारकुनाला ठाऊक नव्हती, म्हणून एकट्याचे नाव तेच पुढे घराण्याचे आडनाव झाले. भिवाजी, बाबाजी अशी आडनावे तिथे आजही आहेत. नातवंडे-पतवंडे येऊन वही उघडतात आणि परक्या कारकुनाने कानाला ऐकू आले तसे लिहिलेले ते गावाचे नाव मोठ्याने वाचून बघतात, की आपल्याकडच्या कुठल्या गावाशी ते जुळते.