कांडी भरणारीचा हिशेब



आपण हाताने केलेली एखादी वस्तू विकायला मांडतो. समोरची बाई विचारते, "कितीला?" मग आपण मनात कापडाचे पैसे मोजतो, दोऱ्याचे मोजतो, वर पन्नास रुपये चढवतो आणि दबकत आकडा सांगतो. तिने "जरा जास्त आहे" म्हटलं की लगेच वीस रुपये उतरतो. वरून म्हणतो, "घरीच असते, रिकाम्या वेळात केलं." हे वाक्य आपल्या तोंडी नवीन नाही. त्याचा इतिहास आपल्याच नागपुरात सापडतो. आज तोच सांगायचा आहे.

टांडापेठ, पाचपावली, गोळीबार चौक हा आपल्याकडचा विणकरांचा भाग. नागपूर, उमरेड, पवनी, भंडारा इथली रेशीमकाठी लुगडी आणि धोतरं दूरवर नावाजलेली होती. या घरांत मागावर बहुधा पुरुष बसायचा. पण मागावर बसण्याआधीचं काम कोण करायचं? सूत उकलणं, त्याला खळ लावणं, ताणा पसरणं, तुटलेले धागे जोडणं आणि धोट्यात घालायच्या कांड्या भरणं. हे सगळं घरातल्या बायका आणि मुलं करत. कांडी संपली की माग थांबतो. म्हणजे मागाची गती कांडी भरणारीच्या हातात. पण मजुरी ठरायची ती लुगड्यामागे, आणि पडायची मागावर बसणाऱ्याच्या हातात. तो विणकर ठरला आणि ती मदतनीस.

विदर्भाची करवतकाठी घ्या. करवतीच्या दात्यांसारखा काठ असतो म्हणून हे नाव. तीन धोटे लागतात: एक अंगासाठी, दोन दोन्ही काठांसाठी. प्रत्येक दात्याशी अंगाचा धागा काठाच्या धाग्यात अडकवावा लागतो, म्हणून हात सावकाश चालतो. अंग टसरचं. टसरचे कोष भंडारा, गडचिरोलीच्या जंगलात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर होतात. ते उकळून धागा काढायचा असतो. देशाच्या टसर पट्ट्यात हे काम पिढ्यान् पिढ्या बायकांनी केलं, अनेक ठिकाणी तर उघड्या मांडीवर धागा घासून. आज करवतकाठीला भौगोलिक मानांकन आहे. मात्र त्या मांडीवरच्या तासांची नोंद कोणत्या वहीत झाली नाही.

मग गिरणी आली. १८६७ साली नागपूरला रेल्वे पोचली आणि १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरणीच्या स्वस्त कापडाने हातमागाचं बाजारातलं स्थान डळमळलं, हे आपण नेहमी ऐकतो. त्याच वेळी घडलेली दुसरी गोष्ट फारशी सांगितली जात नाही. गिरण्यांमध्ये बायकांना काम मिळालं ते मुख्यतः रिळिंग आणि वाइंडिंग खात्यांत, म्हणजे सूत उकलून गुंडाळण्याचं. घरी जे काम "मदत" होतं, तेच इथे नोकरी झालं. पगार कमी होता, हाल होते, पण बाईचं नाव हजेरीपटावर चढलं आणि तिने गुंडाळलेलं सूत मोजलं जाऊ लागलं. १९२९ साली मुंबई प्रांतात कारखान्यातल्या बायकांसाठी बाळंतपणाच्या लाभाचा कायदा झाला. पुढच्याच वर्षी, १९३० साली, आपल्या मध्य प्रांतातही झाला. ज्या बाईचं काम मोजलं गेलं तिला बाळंतपणात हक्काचे पैसे मागता आले. घरी कांड्या भरणारीला ते मागायला जागाच नव्हती. काम एकच, फरक होता तो नोंदीचा.

घरी काम करणाऱ्या बाईच्या तासाची किंमत किती, हा प्रश्न जाहीरपणे विचारला गेला तो वर्ध्यात. गांधीजी १९३४ पासून तिथे राहत होते. खादी विकली जात होती, पण सूत कातणारीच्या हाती दिवसाकाठी फार थोडं पडत होतं. कातणाऱ्या बहुतेक बायकाच. गांधीजींनी धरून ठेवलं की आठ तासांच्या चांगल्या कामाला आठ आणे मिळायला हवेत, बाई असो की पुरुष. कार्यकर्त्यांना भीती वाटली की खादी महागेल आणि गिऱ्हाईक तुटेल. आपल्यालाही अगदी हीच भीती वाटते ना? तरी १९३५ साली चरखा संघाने ठराव केला की कातणारीला निदान पोटभर अन्न आणि अंगभर कापड मिळेल एवढी मजुरी द्यायचीच. आठ आण्यांपर्यंत पोचता आलं नाही. पण मजुरी वाढली आणि मुख्य म्हणजे किमतीची सुरुवात कातणारीच्या गरजेपासून व्हावी, हा विचार रुजला.

स्वातंत्र्यानंतर १९७१ मध्ये महाराष्ट्र राज्य हातमाग महामंडळ नागपुरात सुरू झालं. आपल्या एल. ए. डी. कॉलेजात मुली वस्त्रशास्त्र शिकू लागल्या. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या ऑरेंज सिटी क्राफ्ट मेळ्यात देशभरचे कारागीर येतात. २०१९-२० च्या हातमाग गणनेत देशात सुमारे ३५ लाख हातमाग कामगार आढळले आणि त्यांत ७० टक्क्यांहून जास्त बायका आहेत. एम्प्रेस मिल मात्र या शतकाच्या सुरुवातीला कायमची बंद पडली. तिच्या जागेवर आज मॉल आहे.

आता आपल्या अभ्र्याकडे येऊ. समजा, भरतकामाच्या एका अभ्र्याला कापड, दोरे, चेन मिळून १५० रुपये लागले. वीज, मशीनची झीज, जाण्यायेण्याचं भाडं ४० रुपये. हाताला सहा तास. तो २५० ला विकला तर आपल्याला उरले ६० रुपये, म्हणजे तासाला दहा. तासाला ६० रुपये धरले तर त्याची किंमत ५५० होते. एवढ्याला तो जात नसेल तर? तर नमुना बदलायचा, तास फुकट द्यायचे नाहीत. भरगच्च वेलीऐवजी एका कोपऱ्यात नेमकं फूल भरलं आणि काम तीन तासांत झालं, तर तोच अभ्रा ३७० ला परवडतो. डिझाइन शिकण्याचा खरा उपयोग इथे आहे. करवतकाठी विणणाऱ्यांना हे कळलेलं होतं. त्यांनी अंग साधं ठेवलं आणि सगळा जीव काठात ओतला.

म्हणून आजपासून मशीनशेजारी एक वही ठेवू या. काम सुरू केल्याची वेळ, थांबल्याची वेळ. नमुना काढण्यात गेलेला वेळही लिहायचा आणि उसवण्यातला सुद्धा. महिनाभराने ती वही घेऊन किंमत ठरवायला बसू. आणि पुढच्या वेळी कोणी "कितीला?" विचारलं, तर आकडा त्या वहीतून सांगू. रिकाम्या वेळात केलं, असं मात्र म्हणायचं नाही.